वाळीत टाकणारे उदारमतवादी

बहाई धर्माचा मुख्य विधिग्रंथ, किताब-ए-अकदस, पहिल्यांदा छापला गेला तो मुंबईत, १८९०-९१च्या सुमारास. धर्मसंस्थापक बहाउल्ला तेव्हा ऑटोमन सरकारचे कैदी म्हणून अक्का या शहराच्या परिसरात राहत होते. इराणात या धर्माचं पुस्तक घरात सापडणं म्हणजे जिवाशी गाठ होती. मुंबईत मात्र या पंथातल्या इराणी व्यापाऱ्यांनी छापखाना घातला होता. छपाईच्या कामासाठी बहाउल्लांचे पुत्र मिर्झा मुहम्मद अली मुंबईला आले. पुढे त्यांच्यावरच आरोप झाला की पवित्र मजकुरात त्यांनी हात घातला. बहाउल्ला १८९२ साली वारले. त्यांनी मृत्युपत्रात थोरले पुत्र अब्दुल-बहा यांना पहिलं स्थान दिलं होतं आणि त्यांच्यानंतर मुहम्मद अलींना. पण दोघा सावत्र भावांचं पटलं नाही. थोरला भाऊ स्वतःकडे नको इतका अधिकार घेतो, असं धाकट्याचं म्हणणं होतं. धाकट्याने बापाचा करार मोडला, असं थोरल्याचं म्हणणं. समाज बहुसंख्येने अब्दुल-बहांच्या मागे गेला आणि मुहम्मद अली, त्यांचं कुटुंब, त्यांचे मित्र वाळीत पडले.

जगातल्या सगळ्या धर्मांचं मूळ एक आहे, स्त्री-पुरुष समान आहेत, सत्याचा शोध प्रत्येकाने स्वतः घ्यायचा, पुरोहितवर्ग नको, ही या धर्माची शिकवण आहे. आपल्याकडच्या एकोणिसाव्या शतकातल्या कुठल्याही सुधारकाला ती आपलीच वाटली असती. पुण्या-मुंबईतल्या इराणी हॉटेलवाल्यांत पारशी-इराण्यांबरोबर बहाईही होते. पाचगणीची न्यू एरा शाळा त्यांनी १९४५ साली काढली. आपण या मंडळींचा चहा प्यायलो, त्यांच्या शाळेत मुलं घातली, दिल्लीला जाऊन त्यांचं कमळमंदिर पाहिलं. त्यांच्या घरात चाललेला वाद मात्र आपल्यापर्यंत कधी आला नाही. तो समजून घेतला पाहिजे असं मला वाटतं, कारण तो थेट आपल्याही सुधारकी संस्थांचा वाद आहे.

आधी दुसरी बाजू नीट मांडतो. बहाईंनी 'करारा'वर एवढा भर का दिला? कारण त्यांना इस्लामचा, ख्रिस्ती धर्माचा इतिहास समोर दिसत होता. संस्थापक गेला की वारसाचं भांडण, मग पंथ, मग रक्तपात. ते टाळायचं म्हणून लेखी मृत्युपत्र, लेखी उत्तराधिकारी. जो त्या उत्तराधिकाऱ्याविरुद्ध उभा राहील, त्याच्याशी बाकीच्यांनी बोलणंचालणं ठेवायचं नाही. धर्म नुसता सोडून जाणाऱ्याला ही शिक्षा नाही, त्याच्याशी नाती राहतात. शिक्षा आहे ती आत राहून दुसरं केंद्र उभं करणाऱ्याला. आणि ज्या समाजाला इराणात १९७९नंतर पुन्हा फाशी, कैद, जप्ती सोसावी लागली, शिराझमध्ये १९८३च्या जूनमध्ये ज्यांच्या दहा स्त्रियांना एका रात्रीत फासावर चढवलं, त्या समाजाला एकीचं मोल मी काय सांगू? घेरलेल्या माणसांना फूट परवडत नाही. हे मान्य करूनच पुढे जायला हवं.

पण अमेरिकेत त्यांना कोणी घेरलं नव्हतं. तिथे काय झालं?

अहमद सोहराब हे अब्दुल-बहांचे चिटणीस आणि दुभाषे. १९१२च्या अमेरिका दौऱ्यात ते सावलीसारखे बरोबर होते. अब्दुल-बहा १९२१ साली वारले, त्यांचे नातू शोघी एफेंदी 'संरक्षक' झाले आणि धर्माला संस्थेचा साचा आला. गावोगावच्या आध्यात्मिक सभा, त्यांच्यावर राष्ट्रीय सभा, सदस्यांची यादी, छापण्याआधी लेखनाची तपासणी. सोहराबांना हे मानवलं नाही. ज्युली चॅनलर या श्रीमंत, उदार बाईंबरोबर त्यांनी १९२९ साली न्यूयॉर्कमध्ये 'न्यू हिस्टरी सोसायटी' काढली. सदस्यत्वाची अट नाही, कुणालाही व्यासपीठ. १९३०च्या डिसेंबरमध्ये आइन्स्टाइन यांचं युद्धविरोधी भाषण झालं ते याच सोसायटीच्या सभेत. न्यूयॉर्कच्या आध्यात्मिक सभेने सांगितलं, तुमचं काम आमच्या देखरेखीखाली आणा. सोहराब नाही म्हणाले आणि शेवटी वाळीत पडले. पुढे राष्ट्रीय सभा कोर्टात गेली आणि 'बहाई' हे नाव सोहराबांना वापरता येऊ नये अशी मागणी केली. १९४१ साली न्यूयॉर्कच्या कोर्टाने दावा फेटाळला. धर्माच्या नावावर कुणाची मक्तेदारी नसते, असा तो निकाल होता.

म्हणजे उदारमतवादी जिंकले. मग त्यांची चळवळ कुठे आहे? १९५८ साली सोहराब गेले, मागोमाग चॅनलरबाईही गेल्या आणि सोसायटी विरून गेली. या शेवटाचा दोष हायफातल्या बहाई केंद्राच्या कठोरपणावर टाकून मोकळं होता येत नाही. सोहराबांनी जुन्या घराची सगळी बंधनं नाकारली, पण नव्या घरात निर्णय कसा घ्यायचा हे कधी ठरवलं नाही. निर्णय ते आणि चॅनलरबाई घेत. मोकळेपणा होता, पण तो यजमानाच्या मर्जीतला मोकळेपणा होता. पाहुण्याला हवं ते बोलता येतं, घराचा हिशेब मागता येत नाही.

त्याच सुमाराला रूथ व्हाइट नावाच्या दुसऱ्या एक अमेरिकन बाई शोघी एफेंदींविरुद्ध लढत होत्या. अब्दुल-बहांचं मृत्युपत्रच बनावट आहे, असा त्यांचा दावा. त्यांनी हस्ताक्षरतज्ज्ञाचं मत घेतलं, पुस्तकं लिहिली. जर्मनीत विल्हेल्म हेरिगेल यांनी त्यांची बाजू घेऊन वेगळी बहाई संघटना काढली. सोहराब मृत्युपत्र खरं मानत होते. त्यांचं भांडण अंमलबजावणीशी होतं. एकाच सत्तेचे हे दोन विरोधक, दोघांनाही मोकळा धर्म हवा, पण एका कागदाच्या खरेखोटेपणावरून त्यांची कधी मोट बांधली गेली नाही.

हाच प्रकार आमच्या काळात पुन्हा झाला. १९८०च्या दशकात लॉस एंजेलिसमधल्या काही बहाई बुद्धिवंतांनी 'डायलॉग' नावाचं त्रैमासिक काढलं. समाज साचला आहे, छापण्यापूर्वीची तपासणी ढिली करा, निवडणुकांकडे नव्याने पाहा, अशा सूचनांचा एक लेख त्यांनी तयार केला. तो तपासणीसाठी रीतसर वर पाठवला. म्हणजे नियम मोडला नाही, नियमानेच गेले. तरी १९८८च्या राष्ट्रीय अधिवेशनात त्यांच्यावर जाहीर ठपका आला आणि नियतकालिक बंद पडलं. जे धर्मावर प्रेम करून आतून बोलत होते तेच लोक पुढच्या दहा वर्षांत एकेक करून बाहेर पडले किंवा पाडले गेले. विश्व न्याय मंदिर या नऊ जणांच्या सर्वोच्च संस्थेत स्त्रिया का नाहीत, हा त्यांचा एक प्रश्न होता. स्त्री-पुरुष समतेची शिकवण देणाऱ्या धर्मात तो विचारला जाणारच.

त्यानंतर, २००४पासून पुढे, अमेरिकेत 'रिफॉर्म बहाई' आणि 'युनिटेरियन बहाई' अशी दोन छोटी घरं मांडली गेली. स्त्रियांचे हक्क, लेखनस्वातंत्र्य, धर्म आणि राज्यसत्तेची फारकत, कुणालाही वाळीत न टाकणं, या सगळ्यावर दोघांचं एकमत. पण पहिल्या गटाला अब्दुल-बहा पूज्य आहेत आणि फक्त त्यांचं मृत्युपत्र अमान्य आहे; दुसऱ्या गटाला मुहम्मद अलींवर अन्याय झाला असं वाटतं. ज्या भांडणाचा एक धागा मुंबईच्या छापखान्यापर्यंत पोचतो, त्या भांडणापायी एकविसाव्या शतकातले मूठभर उदारमतवादीही एकत्र नांदू शकत नाहीत. खरा वारस कोण, हा प्रश्न त्यांनी जुन्या घरातून जसाच्या तसा उचलून आणला.

माझं म्हणणं इथे येतं. उदारमतवाद्यांची चळवळ तिच्या मतांच्या उदारपणाने टिकत नाही. आपल्याच माणसाने आपल्याच विरुद्ध मत दिलं तर त्याचं काय करायचं, हे जिने आधी ठरवून ठेवलं आहे ती टिकते. बहाई संस्थेने ते ठरवलं, पण चुकीचं ठरवलं. सल्लामसलतीत मोकळेपणाने बोला, मात्र बहुमताने निर्णय झाला की विरोधाचा सूर बाहेर उमटू नये, अशी त्यांची रीत आहे. निवडणुकीत उमेदवारी नाही, प्रचार नाही, गट नाहीत. हेतू निर्मळ आहे, पण परिणाम असा की निष्ठावंत विरोधक ही जागाच त्या रचनेत नाही. विरोध करणारा एक तर गप्प बसतो किंवा शत्रू ठरतो. आणि त्यांच्या सुधारकांनी तर काहीच ठरवलं नाही.

आता आपल्या घरात पाहू. परमहंस सभा १८४९ साली मुंबईत सुरू झाली. जातिभेद मोडायचा म्हणून सभासद एकत्र बसून पाव खात, पण गुप्तपणे. १८६० साली सभेचे कागद बाहेर फुटले आणि नाव जाहीर होण्याच्या धास्तीने सभा संपली. त्यातूनच धडा घेऊन ३१ मार्च १८६७ रोजी प्रार्थना समाज निघाला. या समाजाने उघडपणे काम केलं, पण एक सावधगिरी घेतली: उपासना एकेश्वराची, बाकी घरात काय करायचं ते ज्याचं त्याने पाहावं. जात सोडायची अट नाही, मूर्तिपूजा सोडायची सक्ती नाही, कुणाला काढून टाकायची तरतूद तर नाहीच. बहाईंच्या कराराच्या अगदी उलट. रानडे, भांडारकर, चंदावरकर अशी माणसं त्यात होती.

तरीही १८९० साली ऑक्टोबरात पुण्याच्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये रानडे-टिळकांसारख्या मंडळींनी चहा घेतला आणि काय झालं ते महाराष्ट्राला ठाऊक आहे. गोपाळराव जोशांनी चहा घेणाऱ्यांची नावं छापली, ग्रामण्य उभं राहिलं, शंकराचार्यांपर्यंत प्रकरण गेलं आणि १८९२ साली रानड्यांनी प्रायश्चित्त घेतलं. टिळकांनीही घेतलं, पण टिळकांकडून सुधारकांची अपेक्षाच वेगळी होती. रानड्यांच्या प्रायश्चित्ताने मात्र त्यांचेच तरुण चाहते दुखावले. प्रार्थना समाजातून त्यांना कुणी जाब विचारू शकलं नाही, कारण कुणी कशाला बांधीलच नव्हतं. करार नसल्याने कुणी वाळीत पडलं नाही, आणि करार नसल्यानेच सनातन्यांनी बहिष्काराचा बडगा उगारल्यावर एकमेकांच्या पाठीशी उभं राहणंही बंधनकारक झालं नाही. बहाई शिस्तीचे समर्थक हेच उदाहरण देऊन म्हणतील, पाहा, शिस्तीवाचून काय होतं! त्यांचा मुद्दा अर्धा खरा आहे. बंधन हवंच. पण ते वरच्यांची आज्ञा मानण्याचं बंधन नव्हे, एकमेकांशी वागण्याचं बंधन.

विठ्ठल रामजी शिंद्यांना हे सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत खोल उमगलं असं मी मानतो. ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात उदार धर्माचं शिक्षण घेऊन ते १९०३ साली परतले आणि मुंबई प्रार्थना समाजाचे प्रचारक झाले. धर्म रविवारच्या उपासनेपुरता नको, तो घरातल्या संस्कारांत, ताटात, शेजारात दिसला पाहिजे, हा त्यांचा आग्रह. १८ ऑक्टोबर १९०६ रोजी त्यांनी डिप्रेस्ड क्लासेस मिशन स्थापन केलं, नारायणराव चंदावरकर अध्यक्ष आणि स्वतः शिंदे चिटणीस. चंदावरकर प्रार्थना समाजाचेही अध्यक्ष होते. समाजातल्या ज्येष्ठांशी शिंद्यांचे मतभेद वाढत गेले आणि १९१० साली त्यांनी प्रचारकपद सोडलं.

इथे थांबून पाहण्यासारखी गोष्ट आहे. समाजातून बाजूला झालेले शिंदे मिशनमध्ये त्याच चंदावरकरांच्या अध्यक्षतेखाली काम करत राहिले. एका व्यासपीठावर मतभेद, दुसऱ्यावर खांद्याला खांदा. कुणी कुणाला धर्मबुडवा म्हटलं नाही. आपल्या चळवळींच्या इतिहासात असे प्रसंग फार थोडे आहेत. आणि पुढे याच मिशनमध्ये दुसरा, अधिक अवघड सवाल उभा राहिला: संस्था ज्यांच्यासाठी आहे, तिचा कारभार त्यांच्या हातात का नाही? दलित कार्यकर्त्यांच्या या प्रश्नाला देण्यासारखं चांगलं उत्तर वरिष्ठवर्गीय सुधारकांकडे नव्हतं. १९२३ साली शिंदे कारभारातून बाजूला झाले आणि १९२४ साली आंबेडकरांची बहिष्कृत हितकारिणी सभा निघाली. ज्यांना चळवळीत स्थान मिळतं पण मत मिळत नाही, ते स्वतःची चळवळ काढतात, आणि त्यांनी ती काढावीच.

सत्यशोधक समाजातही असे मतभेद दिसतात. 'दीनबंधु' पत्र कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली सुरू केलं, नंतर ते नारायण मेघाजी लोखंड्यांनी मुंबईतून चालवलं. जोतीरावांचा 'शेतकऱ्याचा असूड' त्यात येऊ लागला आणि पहिल्या काही प्रकरणांनंतर थांबला. जोतीरावांनी आपला राग लिहून ठेवला. भालेकरांशीही त्यांचे मतभेद झाले. पण ज्या जोतीरावांचा राग एवढा कडक, त्यांनीच 'सार्वजनिक सत्यधर्म' पुस्तकात असं कुटुंब कल्पिलं आहे की ज्यात नवरा एका धर्माचा, बायको दुसऱ्या, मुलगा-मुलगी आणखी वेगळ्या, आणि सगळे एका छपराखाली प्रेमाने राहतात. एका धर्मात सगळे धर्म विरघळवण्यापेक्षा ही कल्पना मला मोठी वाटते. इथे एकी होण्यासाठी कुणाला आपलं मत गिळावं लागत नाही.

बंगालचं उदाहरणही लागू आहे. १८६६ साली केशवचंद्र सेन ब्राह्मो समाजाचे ज्येष्ठ नेते देवेंद्रनाथ यांच्यापासून वेगळे झाले. १८७२च्या विवाह कायद्यासाठी झटणाऱ्या केशवचंद्रांनी १८७८ साली आपल्या अल्पवयीन मुलीचं लग्न कूचबिहारच्या राजाशी लावलं आणि त्याला ईश्वरी आदेशाचा आधार दिला. तरुण ब्राह्मो बाहेर पडले आणि त्यांनी साधारण ब्राह्मो समाज काढला. त्यांनी दुसरा केशवचंद्र शोधला नाही. घटना लिहिली, कार्यकारिणी निवडून द्यायची ठरवलं, आदेशाचा दावा कुणालाच करता येणार नाही अशी तजवीज केली. ही फूट फलद्रूप झाली ती त्यामुळे. फूट वाईटच असते असं नाही. जुन्या घराचा दोष नेमका कोणता हे ओळखून जे बाहेर पडतात, त्यांची फूट कामाची.

विरोधाला जागा कशी द्यायची ते मी माझ्याच गावात पाहिलं. मी राहतो ते नांदे हे मुळशी तालुक्यातलं गाव, पुण्याच्या पश्चिम कडेला, चांदे, सूस, लवळे यांच्या शेजारी. शहर अंगावर येतंय, त्यामुळे रस्ता, पाणी, जमीन यावरून वाद होतातच. एका ग्रामसभेत रस्त्याचा विषय निघाला, सूचक-अनुमोदक झाले, हात वर झाले. मागच्या रांगेतला एक वयस्कर शेतकरी उठला आणि म्हणाला, "भाऊसाहेब, ठराव करा, पण माझा विरोध लिहून घ्या. का तेही लिवा." ग्रामसेवकांनी लिहून घेतलं. त्याच्या दोन ओळी ठरावाखाली आल्या. सभा संपल्यावर तो सरपंचांच्या शेजारी बसून चहा प्यायला आणि पुढच्या सभेला पुन्हा आला. ग्रामसभेचे दोष मला माहीत आहेत; कोरम भरत नाही, बायका मागे बसतात, पुष्कळदा आधीच ठरलेलं असतं. पण हरलेल्या माणसाचं म्हणणं गावाच्या वहीत गावाच्याच खर्चाने लिहून ठेवायचं, ही गोष्ट न्यूयॉर्कच्या सोसायटीला जमली नाही, लॉस एंजेलिसच्या नियतकालिकाला मिळाली नाही.

कुणी म्हणेल, धर्म आणि ग्रामपंचायत एका मापाने मोजू नका. धर्मात शेवटचा शब्द ईश्वराचा असतो. असेल. पण ईश्वराचा शब्द कोणता हे सांगणारी माणसंच असतात, आणि ती चुकतात. बहाईंनी पुरोहित नाकारले ते याच कारणाने. मग नऊ जणांचं मंडळ चुकू शकत नाही असं मानणं त्यांच्याच मूळ भूमिकेशी विसंगत आहे. सत्य स्वतः शोधा, असं सांगून शोधाचं उत्तर आधीच ठरवून ठेवता येत नाही. त्यांच्या सुधारकांना मी तितक्याच स्पष्टपणे सांगेन की मृत्युपत्र खरं की खोटं हा वाद इतिहासकारांवर सोडा. तुमच्या सभेत तुमच्याशी न पटणाऱ्या माणसाला मत आहे का, कार्यकाल ठरलेला आहे का, हिशेब उघडा आहे का, तुमच्यावरची टीका तुमच्याच पत्रात छापून येते का, हे आधी पाहा.

हे प्रश्न बहाईंपुरते नाहीत. वाचकांपैकी बरेचजण कुठल्या ना कुठल्या सुधारकी संस्थेत असतील, अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम असेल, शिक्षणसंस्था असेल, वाचनालय असेल. महाराष्ट्राने २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला, तो जातपंचायतींना डोळ्यांसमोर ठेवून. आपल्या संस्थांतला बहिष्कार त्या कायद्याच्या कक्षेत येत नाही. तिथे बैठकीचा निरोप पोचत नाही, लेख परत येतो, फोन उचलला जात नाही, आणि सगळे स्वतःला पुरोगामी म्हणवत राहतात. तेव्हा पुढच्या वार्षिक सर्वसाधारण सभेला जाल तेव्हा इतिवृत्ताची वही मागून घ्या आणि मागच्या काही वर्षांत एका तरी ठरावाखाली कुणाचा विरोध कारणासह नोंदलेला आहे का ते पाहा. नसेल, तर त्याच सभेत तसा ठराव मांडा, आणि तो नामंजूर झाला तर तुमचं नाव आणि कारण लिहून घ्यायला लावा.